रागावले तरी हसणारे पोर

वस्तीतल्या आरोग्य बैठकीत एका मावशींनी आम्हाला विचारले, "नातू कुत्र्याच्या पिलांना दगड मारतो, रागावले तर हसतो. शाळेत पोरे त्याला सायको म्हणतात. हा पुढे गुन्हेगार निघेल का हो?" पटकन 'नाही' म्हणून मोकळे होण्यासारखा हा प्रश्न नाही, आणि 'हो' म्हणणे तर सरळ अन्याय. म्हणून या वेळी थोडे सविस्तर.

'सायको' हा शब्द आपल्याकडे कुणालाही चिकटतो. 1960 च्या दशकात मुंबईत रस्त्यावर झोपलेल्या गरिबांचे खून करणाऱ्या रामन राघवलाही लोक तेच म्हणतात. पण डॉक्टरांच्या मते त्याला स्किझोफ्रेनिया होता, म्हणूनच 1987 मध्ये उच्च न्यायालयाने त्याची फाशी रद्द करून जन्मठेप दिली. सायकोपॅथी निराळी. तिच्यात भास-भ्रम नसतात. माणूस शुद्धीवर असतो, गोडही बोलतो, पण दुसऱ्याच्या दुःखाने आत काही हलत नाही आणि केल्याचा पस्तावा होत नाही.

हे न हलणे शरीरातही दिसते. निकाल लागायच्या आधी आपल्या तळहाताला घाम फुटतो, छाती धडधडते. बोटांना लहानसे यंत्र लावून तो घाम मोजता येतो. अशा स्वभावाच्या लोकांत, संकट येणार हे कळूनही, तो सरासरीने कमी फुटतो. म्हणजे धोक्याची घंटा आत हळू वाजते. दुसरी खूण नाडीची. श्वास घेताना नाडी किंचित जलद होते, सोडताना किंचित सावकाश. हा चढउतार चांगला असला की राग-भीती आवरायला शरीर साथ देते, असे मानतात. मात्र थंड स्वभाव आणि तापट, उतावळा स्वभाव यांत ही खूण सारखी दिसत नाही, आणि इथे शास्त्रज्ञांचेही एकमत नाही.

या विषयावरचा मोठा अभ्यास झाला मॉरिशस बेटावर. आपली माणसे ऊसतोडीला जातात, तशी एकोणिसाव्या शतकात कोकणातली मराठी माणसेही तिथे उसाच्या मळ्यांत मजुरीला गेली. 1972 पासून तिथल्या तीन वर्षांच्या 1,795 मुलांची तपासणी झाली. त्यात बहुतेक मुले भारतीय वंशाची होती. आधी एक सूर, मग कर्कश आवाज. सूर ऐकताच पुढच्या आवाजाच्या धास्तीने घाम येतो का, हे पाहिले. पुढे वयाच्या 23 व्या वर्षापर्यंत जी गुन्ह्यांत सापडली, त्यांच्या गटात लहानपणी ही धास्ती दिसली नव्हती. पण हा हिशेब गटाचा. एकेका मुलाचे भविष्य त्यातून निघत नाही.

आम्हाला मोलाचा वाटतो तो पुढचा भाग. त्यांतल्या 100 मुलांना दोन वर्षे चांगला आहार, रोज व्यायाम, खेळ आणि शिक्षण दिले. मोठेपणी या मुलांत गुन्हे कमी आढळले, आणि लहानपणी जी कुपोषित होती त्यांना जास्त फायदा झाला. अंगणवाडीतल्या अंड्याकडे आणि उसळीकडे या नजरेने बघा.

दुसरी बाजूही सांगायला हवी. 1871 च्या कायद्याने इंग्रजांनी अख्ख्या जमाती 'जन्मजात गुन्हेगार' ठरवल्या, आणि तो कायदा 1952 पर्यंत रद्द झाला नव्हता. घामाच्या नि नाडीच्या नावाखाली कुणी वस्तीतल्या पोरांवर असाच शिक्का मारू लागला, तर त्याला गप्प बसवा. पोराची नाडी मोजून घरी काही ठरवू नका. रोज धावणाऱ्या पोराची नाडी संथच असते, आणि अंगात रक्त कमी असले की ती वाढते.

मारून काय होते? ज्याला शिक्षेची धास्तीच कमी, त्याला पट्ट्याचा मार फार शिकवत नाही. तो उलट मारायला मात्र शिकतो. चांगले वागला की लगेच, नाव घेऊन केलेले कौतुक अशा मुलांपर्यंत अधिक पोचते. आणि घरात रोज मारहाण बघणारे पोर वरून दगडासारखे दिसते, आतून ते भेदरलेले असू शकते. म्हणून आधी घराकडे बघा.

मुक्या जनावरांना छळणे, आग लावणे, लहानांना दुखवणे हे सहा महिने-वर्षभर चालू असेल तर डॉक्टरांना दाखवा. नांदेडला विष्णुपुरीच्या आणि लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. जाता येत नसेल तर 14416 या टेली-मानसच्या मोफत क्रमांकावर मराठीत बोला. जाताना मुलाला 'वेडा' म्हणून नेऊ नका. काय केले, कधी केले, आधी घरात काय घडले होते, एवढे वहीत लिहून न्या.