टर्बो गेला नाही, सांडवा गळतोय

‘टर्बो गेला’ हे दोन शब्द कानावर पडले की गाडीवाल्याच्या पोटात गोळा येतो. त्यात गाडी टॅक्सीची असेल आणि बँकेचे हप्ते चालू असतील, तर विचारायलाच नको. उद्यमबागेत एवढी वर्षे हात काळे केल्यावर मी एक सांगू शकतो, की असे सांगून माझ्याकडे आलेल्या बऱ्याच गाड्यांचा टर्बो धडधाकट निघाला. दुखणे होते ते त्याला चिकटलेल्या एका रुपयाएवढ्या झडपेचे.

ही झडप म्हणजे वेस्टगेट. इंजिनातून बाहेर पडणारा तापलेला धूर टर्बोचे एक चाक फिरवतो, त्याच दांड्यावरचे दुसरे चाक ताजी हवा दाबून इंजिनात भरते. मिनिटाला लाखभर फेरे आणि त्याहूनही जास्त. दाब फार वाढला तर इंजिनच फुटायचे, म्हणून जादा धूर चाकाला वळसा घालून सोडून द्यायची वाट ठेवलेली असते. राकसकोप भरला की दरवाजे उघडतात, तसेच हे. पण दरवाजा बंद असतानाही पाणी झिरपत राहिले, तर तलाव भरायचा कसा? वेस्टगेट गळू लागले की नेमके हेच होते. चाकाला पुरेसा धूर मिळत नाही आणि गाडी खालच्या फेऱ्यांत दम खाते. (काही डिझेल गाड्यांत झडपच नसते, चाकाभोवतीची पाती हलतात. तेव्हा आपली गाडी कुठल्या जातीची, ते आधी विचारून घ्यावे.)

माझा भाचा बेळगाव-पणजी टॅक्सी चालवतो. साखळीकडून चोर्ला घाट चढताना गाडी तिसऱ्या गिअरलाही ओढेना. एका गॅरेजने टर्बो बदलायला सांगितले. “मामा, तेवढ्यात तीन महिन्यांचे हप्ते जातात. घरी सांगितलेलं नाही अजून,” तो म्हणाला. बायकोचे दिवस भरत आलेले. पोराचा चेहरा बघवत नव्हता.

स्कॅनर लावला. आतून नोंद होती ती दाब कमी असल्याची, पी०२९९. हा क्रमांक दाब कमी आहे एवढेच सांगतो, का कमी आहे ते सांगत नाही. तिथेच पुष्कळ जण थांबतात आणि ग्राहकाच्या खिशाला हात घालतात. आणखी एक घोळ आपल्या भागात नेहमी होतो. स्कॅनर दाखवतो तो बहुधा एकूण दाब, त्यात वातावरणाचा दाब धरलेला असतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर, त्यामुळे इंजिन बंद असताना इथे साधारण ९२ किलोपास्कल दिसतात, पणजीला १०१. तो नऊचा फरक बिघाड नव्हे. आमच्या गाडीत मात्र मागणी दोनशेच्या आसपास होती आणि आकडा दीडशेच्या पुढे जाईना.

आधी साध्या गोष्टी पाहिल्या. एअर फिल्टर, इंटरकूलरचे होज, क्लिपा. साबणाच्या पाण्याने सगळे सांधे तपासले, बुडबुडा नाही. टर्बोच्या आधी धूर निसटत असेल तर सांध्यावर काजळीचा पट्टा उमटतो, तोही नव्हता. मग इंजिन गार झाल्यावर हवेचा पाइप काढून टर्बोचा दांडा बोटांनी हलवून पाहिला. बाजूला किंचित हलला. तेलाच्या थरासाठी तेवढी जागा असतेच, तेवढ्यावरून टर्बोला फाशी देऊ नये. मागे-पुढे खेळ नव्हता, पातीही कुठे घासलेली नव्हती. म्हणजे टर्बो जिवंत.

आता झडप. तिला उघडणारा डबा म्हणजे ॲक्च्युएटर, आत रबरी पडदा आणि स्प्रिंग. अनेक जण पडदा फाटला असेल म्हणून डबा बदलतात. पण विचार करा, दाबावर चालणाऱ्या डब्यात पडदा फाटला तर झडप उघडणारच नाही, मग दाब वाढेल, कमी कसा होईल? तरीही हातपंप लावून खात्री केली. दाब धरून राहिला आणि कंपनीच्या पुस्तकातल्या आकड्यालाच रॉड सरकला. स्प्रिंगही ठीक.

रॉड पिनेवरून काढला आणि नुसती भुजा हलवली. चांगली झडप बसताना ‘टक्’ असा कोरडा आवाज येतो. इथे मऊसर, अर्धवट आवाज. भुजा आडवीही डुगडुगत होती, बुश झिजलेला. मग झडप तारेने बंद बांधून, गेजवर डोळा ठेवून, गाडी थोडीशीच चालवली. हा प्रयोग हौशी लोकांनी करू नये, जोर दिला तर दाब आवरत नाही. झडप बांधून आकडा मागणीपर्यंत चढला असता, तर दोष रॉडच्या ताणात ठरला असता आणि दोन-तीन मिलिमीटरच्या जुळणीत काम भागले असते. आकडा जेमतेम १६५ला पोचला. म्हणजे गळती बैठकीतच.

टर्बो उतरवला. आतून बॅटरी धरून दुकानाचे शटर ओढले, तर झडपेच्या एका कडेला चंद्रकोरीसारखा उजेड दिसला. लोखंडावर लोखंड बसते तिथे केसभर फट चालते, एवढी नाही. शिवाय बैठकीतून थेट धुराच्या वाटेपर्यंत तडा गेलेला. बेळगावच्या फौंड्रीवाल्यांना बिडाचा स्वभाव सांगायला नको. सातशे अंशांच्या वर तापायचे, मग गार व्हायचे, रोज तेच. बैठकीभोवतीचे बारीक, वरवरचे तडे मी सोडून देतो. आरपार गेलेल्यावर वेल्डिंग मात्र करत नाही, ते टिकत नाही.

तेव्हा तेवढेच धुराकडचे घर, झडप आणि बुशसकट नवे घातले. मधला दांडा, दोन्ही चाके जुनीच. खर्च नव्या टर्बोच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत आला. रॉडचा ताण हातपंपावर जुळवला आणि नटावर पिवळ्या रंगाची रेघ मारून ठेवली. कुणी स्क्रू पिळून ‘पिकअप वाढवला’, तर ती रेघ सांगेल. दुसऱ्या दिवशी भाचा पणजीचे भाडे घेऊन गेला, परतताना घाटमाथ्यावरून फोन केला. आकडा १९८ होता.