टक्केवारी सांगितली की आधी विचारा : कशाचे टक्के?

बौद्ध समाज किती टक्के, असे एखाद्या सभेत विचारले तर तीन वेगवेगळी उत्तरे मिळू शकतात : ०.७ टक्के, ५.८ टक्के आणि ७७ टक्के. २०११ च्या जनगणनेनुसार ही तिन्ही उत्तरे बरोबर आहेत. देशाच्या सुमारे १२१ कोटी लोकसंख्येत बौद्ध ८४ लाख ४३ हजार, म्हणजे ०.७ टक्के. महाराष्ट्राच्या ११ कोटी २४ लाख लोकसंख्येत बौद्ध ६५ लाख ३१ हजार, म्हणजे ५.८ टक्के. आणि देशातील एकूण बौद्धांपैकी महाराष्ट्रात राहणारे ७७ टक्के. आपण ‘एकूण’ कशाला धरतो, त्यावर टक्का बदलतो.

टक्का म्हणजे शंभरातला वाटा. सूत्र एकच : भाग भागिले एकूण, गुणिले १००. आकडेमोड मोबाईल करून देईल. ‘एकूण’ काय धरायचे हे मात्र आपणच ठरवावे लागते.

ग्रामपंचायतीचा १५ टक्के निधी

ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाच्या १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी खर्च करायची असते. समजा, गावाचे स्वउत्पन्न ६,४०,००० रुपये आहे. तोंडी हिशोब असा : एक शून्य काढले की १० टक्के, म्हणजे ६४,०००. त्याचे निम्मे ५ टक्के, म्हणजे ३२,०००. दोन्ही मिळून १५ टक्के, म्हणजे ९६,००० रुपये.

आता ग्रामसभेत सांगितले, “६० टक्के खर्च केला आहे.” ऐकायला भरपूर वाटते. पण हे ९६,००० चे ६० टक्के आहेत, म्हणजे ५७,६०० रुपये. स्वउत्पन्नाच्या हिशोबाने हा खर्च फक्त ९ टक्के झाला. ३८,४०० रुपये अजून बाकी आहेत. म्हणून माहिती अधिकारात अर्ज करताना नुसती टक्केवारी मागू नका. स्वउत्पन्न किती, खर्च किती आणि कोणत्या कामावर, हे रुपयांत मागा.

संख्या वाढली, वाटा घटला

“आपली लोकसंख्या कमी झाली” असे आपल्यातही बोलले जाते. महाराष्ट्रात २००१ मध्ये ५८ लाख ३९ हजार बौद्धांची नोंद होती, २०११ मध्ये ६५ लाख ३१ हजारांची. वाढ ६ लाख ९२ हजारांची. वाढीचा टक्का काढताना नेहमी जुन्या आकड्याने भागायचे. त्यानुसार ही वाढ सुमारे ११.९ टक्के येते. याच काळात राज्याची लोकसंख्या सुमारे १६ टक्के वाढली. त्यामुळे आपली संख्या वाढूनही राज्यातला वाटा ६.०३ वरून ५.८१ टक्क्यांवर आला. ‘संख्या घटली’ आणि ‘वाटा घटला’ ही दोन वेगळी विधाने आहेत. पहिले चूक, दुसरे खरे. २०२७ च्या जनगणनेचे आकडे येतील तेव्हा पोस्ट पुढे पाठवण्याआधी हा फरक तपासा. आणि मोजणीच्या वेळी धर्माच्या रकान्यात काय लिहिले जाते, यावरही लक्ष ठेवा. जी नोंद झालीच नाही, ती कोणत्याही टक्केवारीत येत नाही.

शेकडा पाच म्हणजे किती?

वस्तीत कर्ज ‘शेकडा पाच’ने मिळते. पाच हा आकडा लहान वाटतो, पण तो महिन्याचा असतो. १०,००० रुपयांवर महिन्याला ५०० रुपये, वर्षाला ६,००० रुपये व्याज. म्हणजे वर्षाला ६० टक्के, आणि मुद्दल जसेच्या तसे. बँकेचा दर बहुधा वर्षाचा सांगितला जातो. दोन्हींची तुलना करायची तर महिन्याच्या दराला आधी १२ ने गुणा. बचत गटाचे ‘शेकडा दोन’ही वर्षाला २४ टक्के होतात.

बाबासाहेब अर्थशास्त्रज्ञ होते. आपल्या सभांमध्ये हक्कांबद्दल भरपूर बोलले जाते. त्यासोबत हिशोबही मांडता आला पाहिजे. येत्या रविवारी विहारात वंदनेनंतर अर्धा तास काढा. आपल्या ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा अर्थसंकल्प समोर ठेवा आणि प्रत्येक टक्क्यापुढे एक प्रश्न लिहा : कशाचे टक्के? उत्तर मिळाले नाही, तर तोच प्रश्न पुढच्या सभेत विचारा.

जय भीम!