दाहशामक वेदनानाशक औषधांचा सुरक्षित वापर : एक विवेचन

प्रस्तावना

कंबरदुखी, सांधेदुखी वा दाढदुखी उद्भवली की 'दुखण्याची गोळी' घेणे ही आपल्या समाजात सर्वसामान्य बाब झाली आहे. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन, निमेसुलाइड इत्यादी औषधे वेदनेबरोबर दाह व सूजही कमी करतात. त्यांत स्टेरॉइड नसल्याने त्यांस स्टेरॉइडरहित दाहशामक औषधे असे संबोधले जाते. पॅरासिटामॉल या गटात मोडत नाही. ते ताप व वेदना कमी करते, मात्र दाहावर त्याचा प्रभाव अत्यल्प असतो. प्रस्तुत लेखात या औषधांची कार्यपद्धती व त्यांच्या वापरातील पथ्ये यांचा विचार केला आहे.

औषधांची कार्यपद्धती

ही औषधे प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती रोखतात, हे ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवून दिले. १९८२ च्या वैद्यकशास्त्रातील नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी होते. इजा झालेल्या जागी प्रोस्टाग्लँडिनमुळे सूज व ठणका निर्माण होतो. परंतु हीच द्रव्ये जठराच्या अस्तराचे आम्लापासून रक्षण करतात आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकवून ठेवतात. म्हणजेच औषधाचा गुण व अपाय यांचे मूळ एकच आहे. त्यामुळे मात्रा, कालावधी व रुग्णाची प्रकृती यांवरच सुरक्षितता अवलंबून राहते.

काही रूढ समज

१) 'सुई घेतली की पोटास त्रास नाही' हा समज चुकीचा आहे. औषध रक्तातून जठरापर्यंत पोहोचतेच.

२) जेवणानंतर गोळी घेतल्याने जळजळ कमी होऊ शकते, मात्र व्रण होण्याचा धोका टळत नाही.

३) दोन गोळ्यांची व्यापारी नावे भिन्न असली तरी आतील घटक एकच असू शकतो. संयुक्त गोळ्यांमुळे नकळत दुप्पट मात्रा घेतली जाते. म्हणून वेष्टनावरील घटकाचे नाव वाचणे अगत्याचे ठरते.

४) जठरास कमी त्रासदायक म्हणून आलेले रोफेकॉक्सिब हे औषध हृदयविकार व पक्षाघाताच्या धोक्यामुळे २००४ मध्ये बाजारातून मागे घेण्यात आले. पोटास सौम्य ते सर्वथा सुरक्षित, असे म्हणता येत नाही.

विशेष दक्षता

जठरव्रण, मूत्रपिंडविकार, हृदयविकार वा दमा असणाऱ्यांनी, तसेच वृद्धांनी व गर्भवती स्त्रियांनी वैद्यकीय सल्ल्याविना ही औषधे घेऊ नयेत. रक्तदाबाची काही औषधे व लघवी वाढविणारी गोळी यांच्या जोडीस दाहशामक घेतल्यास मूत्रपिंडास गंभीर इजा संभवते. उन्हात राबून घाम गेलेला असताना, जुलाब-उलट्या झाल्या असताना हा धोका अधिक वाढतो. डेंग्यूची शंका असल्यास रक्तस्रावाच्या भीतीमुळे ही औषधे वर्ज्य असून तापासाठी पॅरासिटामॉल वापरावे. बारा वर्षांखालील मुलांसाठी निमेसुलाइडच्या वापरावर भारतात २०११ पासून बंदी आहे.

वापराची पथ्ये

कमीत कमी परिणामकारक मात्रा व कमीत कमी दिवस, हे मूलभूत सूत्र होय. प्रौढ व्यक्तीने स्वतःहून आयबुप्रोफेन घेताना दिवसाकाठी १२०० मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडू नये. एका वेळी या गटातील एकच औषध घ्यावे. मद्यपान टाळावे. जुनी चिठ्ठी दाखवून गोळ्या पुन्हा आणू नयेत. डांबरासारखी काळी शौचास होणे, रक्ताची उलटी, लघवी कमी होणे, चेहऱ्यावर वा पायांवर सूज, छातीत दुखणे किंवा धाप लागणे ही लक्षणे दिसताच औषध थांबवून तातडीने रुग्णालय गाठावे. हृदयविकारासाठी डॉक्टरांनी दिलेली अल्पमात्रेची ॲस्पिरिन एरवी स्वतःहून बंद करू नये; तिच्याबरोबर अन्य दाहशामक घेण्यापूर्वी मात्र अवश्य विचारावे.

समारोप

ही औषधे वेदना शमवितात. वेदनेचे कारण बहुधा तसेच राहते. रोज गोळी घेतल्याविना काम होत नाही, अशी अवस्था आली असेल, तर गरज अधिक गोळ्यांची नसून निदानाची असते. घटक, मात्रा व कालावधी या तीन बाबींविषयीची जाणीव प्रत्येक घरी रुजणे, ही आजची निकड आहे.