एका 'वॉंग'ची अनेक स्पेलिंगं

अमेरिकेतल्या कुठल्याही बऱ्यापैकी मोठ्या ऑफिसच्या यादीत 'वॉंग' हे आडनाव सापडतंच. ते इतक्या वेळा कानावर पडतं की आपल्याकडच्या जोशी-कुलकर्ण्यांसारखं ते एकच आडनाव असणार, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात त्या चार इंग्रजी अक्षरांमागे दोन वेगळी चिनी आडनावं आहेत. एकाचा अर्थ 'पिवळा', दुसऱ्याचा 'राजा'. मँडरिनमध्ये पहिल्याचा उच्चार ह्वांग आणि दुसऱ्याचा वांग, त्यामुळे बीजिंगमध्ये गोंधळ होत नाही. पण कँटनीज भाषेत दोन्हींचा उच्चार हुबेहूब सारखा आहे, अगदी स्वराच्या चढ-उतारासकट. म्हणून कँटनीज माणसं एकमेकांना विचारतात, "तीन रेघांचा की ढेरपोट्या?" 'राजा' या अक्षरात तीन आडव्या रेघा असतात, तर 'पिवळा' या अक्षराच्या मध्यावर पोटासारखी एक चौकट असते. अमेरिकेतल्या जुन्या वॉंग कुटुंबांपैकी बहुसंख्य या ढेरपोट्या शाखेतली. हा लेख त्यांच्याबद्दल आहे.

आपल्याकडे जसं पुणेकर, सातारकर, नागपूरकर, तसंच हे मुळात गावाचं, खरं तर राज्याचं नाव. आजच्या हेनान प्रांताच्या आग्नेय कोपऱ्यात, ह्वाय नदीच्या खोऱ्यात, ह्वांग नावाचं एक छोटं राज्य होतं. शेजारी चू हे बलाढ्य राज्य. चूला खंडणी देण्याचं ह्वांगच्या लोकांनी थांबवलं. त्यांचा हिशोब सरळ होता: दूरचं ची राज्य आपल्या पाठीशी आहे, आणि चूची राजधानी आपल्यापासून नऊशे ली लांब आहे, ते आपलं काय वाकडं करणार? एक ली म्हणजे साधारण चारशे-पाचशे मीटर. इसवी सनापूर्वी ६४८ साली चूचं सैन्य ते अंतर चालून आलं आणि राज्य संपलं. उरलेल्या लोकांनी राज्याचं नाव आडनाव म्हणून जपलं, असं परंपरा सांगते. ही निव्वळ दंतकथा नाही. १९८३ मध्ये त्याच परिसरात, ग्वांगशान तालुक्यात, ह्वांगच्या एका राजाची आणि त्याच्या राणीची कबर सापडली. तिथल्या कांस्यभांड्यांवर त्यांची नावं कोरलेली आहेत.

आज मुख्य भूमीवरच्या चीनमध्ये हे आडनाव सातव्या क्रमांकावर आहे आणि ते लावणाऱ्यांची संख्या तीन कोटींच्या वर जाते. तैवानमध्ये ते तिसऱ्या क्रमांकावर आहे. एका बुडालेल्या छोट्या राज्याचे इतके वंशज कसे?

इथे थोडं गणित उपयोगी पडतं. इंग्लंडमधली खानदानी आडनावं एकामागून एक का नाहीशी होतात, असा प्रश्न फ्रान्सिस गाल्टनने १८७३ मध्ये विचारला. हेन्री वॉटसन या गणितज्ञ पाद्र्याला बरोबर घेऊन त्याने पुढच्या वर्षी त्यावर निबंध लिहिला. युक्तिवाद सोपा आहे. आडनाव फक्त मुलाकडून पुढे जातं असं धरा. प्रत्येक पुरुषाला सरासरी एक मुलगा असला, तरी कुणाला तीन असतात आणि कुणाला एकही नसतो. ज्याला एकही नाही, त्याची शाखा तिथेच थांबते, आणि थांबलेली शाखा परत कधीच सुरू होत नाही. पिढ्यामागून पिढ्या हे चालू राहिलं की लोकसंख्या तेवढीच राहते, पण आडनावं गळत जातात आणि थोडीच आडनावं सगळी जागा व्यापतात. हेच समीकरण पुढे अणुविखंडनाच्या साखळी-प्रक्रियेसाठीही वापरलं गेलं.

चिनी लोकांमध्ये बापाकडून येणारी आडनावं दोन हजारांहून जास्त वर्षं चालत आली आहेत, म्हणून ही गळती तिथे भरपूर झाली. इतिहासात वीस हजारांहून अधिक चिनी आडनावांची नोंद आहे. आज सुमारे सहा हजारच वापरात आहेत, आणि त्यातली पहिली शंभर आडनावं जवळजवळ ८५ टक्के लोकांना पुरतात. मराठी आडनावं त्या मानाने कालची. आपल्याकडे गाव, हुद्दा, धंदा, एखादी खोड, कशावरूनही आडनाव पडलं, आणि गळती व्हायला पुरेशा पिढ्या अजून गेलेल्याच नाहीत.

पण सगळं श्रेय गाल्टनला देणं मला पटत नाही. आडनावं गळतात तशी घेतलीही जातात. दक्षिण चीनच्या ग्वांगशी प्रांतातल्या ज्वांग समाजात ह्वांग हे आडनाव फार मोठ्या प्रमाणावर आहे, आणि त्यांची भाषा चिनीपेक्षा थाई भाषेला जवळची. त्यांचे सगळे पूर्वज हेनानमधून आले असं कुणी म्हणू नये. राज्यकर्त्यांच्या दफ्तरात नाव लागण्यासाठी आडनाव लागतं, मग जवळपासचं वजनदार आडनाव उचललं जातं. आपल्याकडे 'पाटील' लावणारी सगळी घराणी एका रक्ताची नसतात, तसंच हे.

आता अमेरिकेकडे येऊ. इथे त्या एका अक्षराच्या स्पेलिंगवरून कुटुंब कुठून आणि साधारण कधी आलं याचा बराच अंदाज बांधता येतो. 'वॉंग' म्हणजे बहुधा ग्वांगडाँग प्रांताच्या किनाऱ्यावरून, विशेषतः ताइशान आणि आसपासच्या तालुक्यांतून आलेली जुनी मंडळी किंवा नंतरचे हाँगकाँगकर. 'ह्वांग' बहुधा १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानंतर तैवानहून, आणि पुढे मुख्य भूमीवरून आलेले. एनव्हिडियाचे जेन्सन ह्वांग तैवानमध्ये जन्मलेले. 'ह्विन' म्हणजे दक्षिण व्हिएतनाम, आणि बहुतेकदा १९७५ नंतरचं स्थलांतर. तिथे न्गुयेन ह्वांग या जुन्या सरदाराचं नाव उच्चारायचं नाही म्हणून लोकांनी ह्वांगचं ह्विन केलं होतं. नवऱ्याचं नाव न घेण्याची आपल्याकडची पद्धत आठवावी. पेनांगचा चिनी माणूस तेच अक्षर 'ओई' असं लिहितो, तर सिंगापूरचा 'एन' आणि 'जी' ही फक्त दोन अक्षरं लिहून थांबतो. त्या दोन अक्षरांत स्वर कुठे आहे हा प्रश्न त्याला विचारू नये. त्याला तो आयुष्यभर विचारलेला असतो.

स्पेलिंगच्या या जंगलात नाव शोधण्यासाठी अमेरिकेने एक यंत्रणाही बनवली. रॉबर्ट रसेल याने १९१८ मध्ये 'साउंडेक्स' नावाच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. नावाचं पहिलं अक्षर ठेवायचं, स्वर गाळायचे, उरलेल्या व्यंजनांना आकडे द्यायचे. सारख्या उच्चाराची नावं एकाच खणात पडावीत हा हेतू. १९३० च्या दशकात जुन्या जनगणनांच्या सूची या पद्धतीने तयार झाल्या. आता आपलं आडनाव त्यात घालून पाहू. 'वॉंग'चा कोड येतो डब्ल्यू-५२०. 'राजा' अर्थाच्या 'वांग'चाही डब्ल्यू-५२०. आणि 'ह्वांग'चा एच-५२०. म्हणजे जी दोन आडनावं वेगळी आहेत ती एका खणात, आणि जे एकच आहे ते दोन खणांत! सिंगापूरकर तर एन-२०० मध्ये, तिसरीकडेच. आपणही हसायला नको. गायकवाड हे नाव इंग्रज शेवटी 'आर' लावून लिहीत असत. त्या स्पेलिंगचा कोड आजच्या गायकवाडांच्या खणात पडत नाही.

या आडनावाचा अमेरिकेतला सर्वांत महत्त्वाचा माणूस मात्र एक स्वयंपाकी होता. वॉंग किम आर्क. जन्म १८७३, सॅन फ्रान्सिस्कोचं चायनाटाउन. आई-वडील ताइशानचे. चिनी मजुरांना बंदी करणारा कायदा १८८२ मध्ये आला होता. १८९५ च्या ऑगस्टमध्ये वॉंग चीनला जाऊन परत आला, तेव्हा बंदरावरच्या कस्टम्स अधिकाऱ्याने त्याला उतरू दिलं नाही. त्याचं म्हणणं, आई-वडील चिनी म्हणजे हाही चिनीच. काही महिने वॉंग बंदरातल्या जहाजांवर अडकून होता. चिनी संघटनांनी वकील दिले. २८ मार्च १८९८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध दोन मतांनी निकाल दिला, की चौदाव्या घटनादुरुस्तीनुसार अमेरिकेच्या भूमीवर जन्मलेला हा माणूस अमेरिकन नागरिक आहे.

आपल्यापैकी अनेकांच्या मुलांचा निळा पासपोर्ट या निकालावर उभा आहे. जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी काढलेल्या आदेशात, तात्पुरत्या व्हिसावरच्या पालकांच्या मुलांना जन्माने नागरिकत्व मिळू नये असं म्हटलं गेलं, म्हणजे एच-वन-बीवाल्यांचीही मुलं आली. त्यानंतरच्या वादात दोन्ही बाजूंना पुन्हा वॉंग किम आर्ककडेच यावं लागलं. त्याच्या आई-वडिलांचं कायमचं वास्तव्य अमेरिकेत होतं असा उल्लेख निकालात आहे. तो उल्लेख म्हणजे अट, की केवळ त्या खटल्यातली वस्तुस्थिती, यावर वकील भांडतात. १८९८ मध्ये ग्रीन कार्ड आणि एच-वन अशी विभागणी अस्तित्वातच नव्हती, हे मला त्यात सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

या निकालाचा एक परिणाम मात्र न्यायमूर्तींच्या ध्यानीमनी नसणार. १८ एप्रिल १९०६ च्या भूकंपात आणि त्यानंतरच्या आगीत सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी हॉलमधल्या जन्मनोंदी जळाल्या. आता कुणीही म्हणू शकत होतं, की माझा जन्म इथलाच. नागरिक ठरलेला माणूस चीनला जाऊन यायचा आणि 'मला मुलगा झाला' अशी नोंद करायचा. कायद्याने तो मुलगाही नागरिक. मुलगा खरंच झालेला असेलच असं नाही. ती रिकामी जागा विकली जायची. ती विकत घेऊन आलेल्यांना 'कागदी मुलगे' म्हणत. गावातला वॉंग विकत घेतलेल्या कागदावर ली किंवा चिन होऊन यायचा. १९१० ते १९४० या काळात एंजल आयलंडवर अधिकारी त्यांची उलटतपासणी घेत. घरासमोर विहीर कुठे आहे, गावात घरांच्या रांगा किती, जिन्याला पायऱ्या किती. उत्तरं कथित बापाच्या उत्तरांशी जुळली नाहीत तर परत पाठवणी. म्हणून मुलं बोटीवर वह्या पाठ करत यायची. आणि जे खरेच मुलगे होते तेही पाठ करून यायचे, कारण जिन्याच्या पायऱ्या कोण मोजतो?

'बॅम्बी' या १९४२ च्या डिस्नेपटाच्या धूसर जंगलामागची दृष्टी ज्या चित्रकाराची, तो टायरस वॉंग असाच १९२० मध्ये वडिलांबरोबर आला. त्याच्या कागदांवर नाव होतं 'लुक ताय याव'. शाळेतल्या शिक्षकांनी 'ताय याव'चं टायरस केलं. पुढे त्याने आडनाव स्वतःचं, वॉंग, परत घेतलं. म्हणजे जगाला माहीत असलेल्या त्याच्या नावातला पहिला भाग खोट्या कागदावरून आलेला, आणि दुसरा खरा. तो १०६ वर्षं जगला.

सगळ्यांना असं आडनाव परत घेता आलं नाही. १९४३ मध्ये बंदीचा कायदा रद्द झाला, पण वर्षाला फक्त १०५ चिनी लोकांना प्रवेश होता. १९५६ पासून सरकारने कबुलीची योजना काढली. सुमारे १४ हजार लोकांनी आपलं खरं नाव सांगितलं. बाकीच्यांनी गप्प राहणं पसंत केलं, कारण एकाच्या कबुलीत साऱ्या कागदी घराण्याची नावं उघडी पडत. त्यांची मुलं-नातवंडं आजही कागदावरचंच आडनाव लावतात.

वंशशास्त्राच्या दृष्टीने इथे एक धागा तुटतो. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं, आडनावही तसंच. म्हणून आडनाव आणि वाय गुणसूत्र यांची सांगड घालून संशोधक जुनी स्थलांतरं शोधतात. कागदी घराण्यात आडनाव एका बापाचं आणि गुणसूत्र दुसऱ्याचं असतं. आज घरी डीएनए चाचणीचं किट मागवणाऱ्या एखाद्या ली कुटुंबाला अनोळखी वॉंगांची यादी जुळून येते ती यामुळे. आडनावावरून वंश ठरवणं एरवीही निसरडंच. इथल्या कॅन्सर नोंदणीत आशियाई रुग्णाचा गट ठरवताना जन्मस्थानाबरोबर आडनावाचाही आधार घेतला जातो. वॉंग त्यात चटकन ओळखू येतो. पण ली हा चिनी, कोरियन, गोरा किंवा काळा अमेरिकन यातला कुणीही असू शकतो, आणि वसईचा डिसोझा नुसत्या आडनावावरून भारतीय म्हणून सापडणं कठीणच.

जुन्या चिनी दफनभूमींत मात्र काही थडग्यांवर दोन्ही आडनावं सापडतात. इंग्रजीत कागदावरचं, चिनी अक्षरांत खरं. तपासणाऱ्या अधिकाऱ्याला चिनी वाचता येत नव्हतं, आणि ज्यांना वाचता येत होतं त्यांना ते आधीपासूनच माहीत होतं. उलटतपासणीच्या फायली सॅन फ्रान्सिस्कोजवळ सॅन ब्रूनोच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ठेवल्या आहेत, आणि त्यांतल्या काहींमध्ये गावाचे हाताने काढलेले नकाशेसुद्धा आहेत.