निवृत्तीपूर्वीची काटकसर : कोठे करावी आणि कोठे करू नये

सातपुडा आणि तापी यांच्या मधल्या पट्ट्यात, बऱ्हाणपूर-अंकलेश्वर मार्गावर वसलेले सावदा हे केळीच्या व्यापाराचे गाव म्हणून सर्वपरिचित आहे. मात्र गावातील सर्वांचाच चरितार्थ केळीवर चालत नाही. शाळेत शिकविणारे, बँकेत वा नगरपालिकेत काम करणारे, रेल्वेच्या नोकरीसाठी भुसावळला जाणारे-येणारे असे अनेक पगारदारही या परिसरात राहतात. अशा घरांत कर्त्या माणसाने पंचावन्नी गाठली की दोन गोष्टी जवळजवळ एकाच वेळी दारात येऊन उभ्या राहतात. पगाराचे उरलेले महिने मोजले जाऊ लागतात आणि कपाटात गोळ्यांचा डबा दिसू लागतो. एकीकडे मिळकत घटणार, दुसरीकडे शरीराचा खर्च वाढणार.

या दुहेरी चिंतेवर आपल्याला सुचणारा पहिला उपाय म्हणजे काटकसर. तो योग्यच आहे. परंतु काटकसरीची कात्री कोठे चालवावी हे न समजल्यास ती नको तेथे चालते. मुलांचे शिक्षण थांबविता येत नाही, लग्नकार्याचा आहेर टाळता येत नाही. मग गुपचूप कमी केली जाते ती स्वतःची गोळी. रोजची गोळी एक दिवसाआड घेतली जाते, महिन्याची तपासणी सहा महिन्यांवर जाते, चष्म्याचा नंबर वाढला तरी जुनाच चष्मा चालविला जातो. ही काटकसर नव्हे. ते पुढे व्याजासह फेडावे लागणारे कर्ज आहे.

काटकसर म्हणजे हलाखी नव्हे

साधेपणाने मोठे कार्य होऊ शकते याचे उदाहरण सावद्यापासून काही किलोमीटरवर घडले आहे. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूर येथे राष्ट्रीय काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले. अधिवेशन खेड्यातच व्हावे हा महात्मा गांधींचा आग्रह होता. चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबूसारखे साधे स्थानिक साहित्य वापरून अधिवेशननगरी सजविली. तेथे भपका नव्हता, पण आवश्यक ते सोडलेही नव्हते. जवळचे, स्वस्त आणि उपयोगी ते निवडणे, अनावश्यक ते टाळणे आणि आवश्यक त्यात कसूर न करणे, हाच काटकसरीचा खरा अर्थ होय. घरखर्चालाही तोच नियम लागू पडतो.

गोळी का सोडू नये?

उच्च रक्तदाब दुखत नाही, हीच त्याची मोठी अडचण आहे. रक्तदाब वारंवार १४० वर ९० किंवा त्याहून अधिक भरत असला तरी माणूस शेतात जातो, वर्गात शिकवितो, सायकल चालवितो. गोळी सुरू झाल्यावर रक्तदाब खाली येतो आणि आपण समजतो की आजार बरा झाला. वस्तुतः गोळी रक्तदाब आटोक्यात ठेवते, कायमचा बरा करीत नाही. ती सोडली की दाब पुन्हा चढतो आणि मेंदू, हृदय, मूत्रपिंड व डोळे यांच्या रक्तवाहिन्यांवर त्याचा आघात होत राहतो. मधुमेहाचेही तसेच आहे. पुढे पक्षाघात झाला किंवा मूत्रपिंड निकामी होऊन आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसची वेळ आली, तर खर्च रुग्णाचाच होतो असे नाही; त्याच्यासोबत धावणाऱ्या मुलाचा रोजगारही बुडतो. गोळीवर वाचविलेले पैसे त्यापुढे नगण्य ठरतात.

औषधांच्या खर्चात बचत करण्याचे सुरक्षित मार्ग आहेत. पहिला मार्ग असा : घरातील सर्व गोळ्यांची पाकिटे एका पिशवीत भरून वर्षातून एकदा तरी डॉक्टरांपुढे ठेवावीत. दोन डॉक्टरांनी दिलेल्या वेगवेगळ्या नावांच्या गोळ्यांत एकच औषध असल्याचे पुष्कळदा तेव्हाच लक्षात येते. कोणती गोळी बंद करायची हे मात्र डॉक्टरांनीच सांगावे. दुसरा मार्ग म्हणजे औषधाचे मूळ नाव लिहून घेऊन जनऔषधी केंद्रात चौकशी करणे. तेथे तेच औषध अनेकदा निम्म्याहूनही कमी किमतीत मिळते. तिसरा मार्ग सरकारी दवाखान्याचा. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत, ग्रामीण व जिल्हा रुग्णालयांत तपासणी व उपचार निःशुल्क करण्यात आले आहेत. वयाच्या तिसाव्या वर्षानंतर रक्तदाब व मधुमेह यांची तपासणी करण्याचा कार्यक्रमही गावपातळीवर चालतो. पगारदार माणसाला तेथे रांगेत उभे राहण्याचा संकोच वाटतो. निवृत्तीपूर्वीच हा संकोच सोडलेला बरा.

एक सावधगिरी येथेच सांगणे आवश्यक आहे. गुडघे दुखू लागले की दुकानातून वेदनाशामक गोळी आणून महिनोन्‌महिने घेण्याची सवय अनेकांना असते. ती स्वस्त वाटते. पण अशा गोळ्यांनी मूत्रपिंडास इजा होऊ शकते व रक्तदाबही वाढू शकतो. वजन थोडे उतरविणे, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम आणि रोज अर्धा तास समतल रस्त्यावर चालणे हे उपाय अधिक स्वस्त आणि अधिक हिताचे आहेत.

स्वयंपाकघरातील कात्री

आनंदाची गोष्ट ही की ज्या पदार्थांवर पैसा वाचतो, त्यांपैकी पुष्कळ पदार्थ शरीरालाही कमीच हवे असतात. पती-पत्नी दोघेही दिवसाला चार कप चहा घेतात आणि प्रत्येक कपात दोन चमचे, म्हणजे सुमारे १० ग्रॅम साखर पडते असे समजू. दोघांची मिळून रोज ८० ग्रॅम, म्हणजे महिन्याला सुमारे २ किलो ४०० ग्रॅम साखर केवळ चहात जाते. कप दोनावर आणले आणि साखर निम्मी केली, तर हीच गरज ६०० ग्रॅमवर येते. दूध, चहापत्ती व गॅस वाचतो तो वेगळाच.

तेलाचेही गणित मांडावे. माणशी महिन्याला साधारण अर्धा लिटर तेल पुरेसे मानले जाते. चौघांच्या घरी पाच लिटरचा डबा महिन्यात संपत असेल तर माणशी सव्वा लिटर तेल पोटात जात आहे. शेवभाजीवरचा तर्रीचा थर खानदेशाला प्रिय आहे हे खरे, पण तो रोजचा नसावा. मिठाविषयी जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चमचाभराहूनही कमी असा आहे. भाजीत मीठ कमी केले आणि पानात उडदाचा पापड, लोणचे व शेव वाढली, तर उपयोग होत नाही; कारण मीठ आणि पापडखार त्यांतही असतो.

आपला पारंपरिक आहार येथे मदतीला येतो. ज्वारीची किंवा कळण्याची भाकरी, मुगाची वा तुरीची डाळ, मेथी-पालकाची भाजी आणि बामणोदच्या वांग्यांचे बेताच्या तेलातील भरीत हे जेवण स्वस्तही आहे आणि पोटभरीचेही. भाकरी पथ्याची असली तरी तीही मोजूनच खावी.

केळीचा प्रश्न आपल्या भागात विशेष नाजूक आहे. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि घरात सर्वांत सहज व स्वस्त मिळणारे फळही तेच. शेजाऱ्याच्या मळ्यातून फणी येते आणि मधुमेही माणूस ‘घरचेच तर आहे’ म्हणून तीन-चार केळी खातो. केळीच्या १०० ग्रॅम गरात सुमारे २० ते २३ ग्रॅम कर्बोदके असतात. फळ जितके अधिक पिकते तितकी त्यातील साखर लवकर रक्तात उतरते. केळी वर्ज्य नाही. मात्र एक लहान किंवा अर्धे केळे, फार पिकलेले नसताना, जेवणाच्या हिशेबात धरून खावे. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी केळीतील पोटॅशियममुळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय केळी खाऊ नयेत. फुकट मिळते म्हणून खाणे ही काटकसर नाही.

प्रायश्चित्तकाळातील उपवासाविषयीही अनेकांच्या मनात शंका असते. ख्रिस्तसभेच्या नियमानुसार राखेचा बुधवार व शुभ शुक्रवार या दिवशींच्या उपवासाचे बंधन वयाची ५९ वर्षे पूर्ण होईपर्यंतच असते, आणि त्या वयाआधीही आजारी व्यक्तींना ते लागू होत नाही. मधुमेहाच्या गोळ्या वा इन्सुलिन घेणाऱ्याने रिकाम्या पोटी राहिल्यास रक्तातील साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. अशांनी चहाची गोडी, टीव्हीचा वेळ किंवा तंबाखू सोडावा. त्यातही त्याग आहेच.

खानदेशचा उन्हाळा आणि घरातील बदल

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या घरात जातो. वाढत्या वयात तहान कमी जाणवते आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवीचे प्रमाण वाढते. त्यामुळे उन्हाळा सुरू होण्यापूर्वी डॉक्टरांना एकदा भेटून गोळीची मात्रा विचारून घ्यावी. पाणी तहानेवर न सोडता ठराविक वेळी प्यावे. हृदय वा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी पाण्याचे प्रमाणही विचारून ठेवावे. बाजाराची कामे सकाळी दहापूर्वी उरकावीत.

इन्सुलिन उष्णतेने खराब होते. घरी फ्रीज नसेल किंवा वीज वारंवार जात असेल तर एका मोठ्या मडक्यात लहान मडके ठेवून मधल्या जागेत वाळू भरावी व ती ओली ठेवावी. कोरड्या, घट्ट झाकणाच्या डबीत ठेवलेली वापरातील बाटली आतल्या मडक्यात बाहेरच्या हवेपेक्षा बरीच थंड राहते. फ्रीज असल्यास बाटली दारात किंवा मधल्या कप्प्यात ठेवावी. बर्फाच्या खणात कधीही ठेवू नये.

उन्हाळ्यात गच्चीवर झोपण्याची आपली जुनी रीत आहे. रात्री दोनदा लघवीस उठावे लागणाऱ्या आणि गुडघे आखडलेल्या माणसाने अंधारात जिना उतरणे मात्र धोक्याचे असते. एका पडण्याने मांडीचे हाड मोडले तर निवृत्तीची पुंजी दवाखान्यात रिकामी होते. म्हणून तळमजल्यावर हवेशीर जागी खाट, वाटेत मंद दिवा, न्हाणीघरात धरायला लोखंडी दांडी, खरखरीत फरशी आणि शक्य असल्यास खुर्चीसारखे शौचपात्र एवढे बदल पगार चालू असतानाच करून घ्यावेत. त्यावरचा खर्च ही बचतच होय. मोतीबिंदूचे ऑपरेशनही लांबवू नये. धूसर नजर हे पडण्याचे एक मोठे कारण असते.

सवलतींच्या वयांमधील दरी

निवृत्त झालो की ज्येष्ठ नागरिकांच्या सवलती मिळतील, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात या वयांचा मेळ बसत नाही. राज्य शासनाचे बहुसंख्य कर्मचारी ५८ व्या वर्षी निवृत्त होतात. एस.टी.च्या भाड्यात निम्मी सवलत ६५ व्या वर्षापासून आणि मोफत प्रवास ७५ व्या वर्षापासून आहे. महिलांना मात्र मार्च २०२३ पासून वयाची अट न ठेवता अर्धे तिकीट लागते. रेल्वेची ज्येष्ठांसाठीची भाडेसवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली. आयुष्मान भारत योजनेत उत्पन्नाची अट न ठेवता ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण ऑक्टोबर २०२४ पासून मिळू लागले, तेही ७० वर्षे पूर्ण झालेल्यांना. खासगी आस्थापनांतील कामगारांच्या निवृत्तिवेतन योजनेत किमान रक्कम २०१४ मध्ये दरमहा १,००० रुपये ठरविण्यात आली. तेवढ्यावर घर चालत नाही हे उघड आहे. म्हणजे ५८ ते ७० ही बारा वर्षे मुख्यतः आपल्याच तयारीवर काढावी लागतात.

ही तयारी कोणती? महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेची कागदपत्रे, म्हणजे शिधापत्रिका व आधार यांवरील नावे व जन्मतारखा, आताच जुळवून घ्याव्यात. ही योजना रुग्णालयात दाखल झाल्यावर ठरलेल्या उपचारांसाठी आहे, रोजच्या गोळ्यांसाठी नाही, हेही ध्यानात ठेवावे. खासगी आरोग्यविमा घ्यायचा असल्यास निवृत्तीची वाट पाहू नये. आधीपासून असलेल्या आजारांसाठी विमा कंपनी जास्तीत जास्त तीन वर्षांचा प्रतीक्षाकाळ ठेवू शकते. तो काळ नोकरीत असतानाच संपावा. अर्जात आजार लपवू नये, अन्यथा ऐन वेळी दावा नाकारला जातो. निवृत्तीची रक्कम हाती आल्यावर ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा विचार करावा. ५५ ते ६० वयात निवृत्त झालेल्यांनाही ती रक्कम मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत या योजनेत पैसे ठेवता येतात, आणि व्याज दर तीन महिन्यांनी मिळते.

आजपासून एक सराव

शेवटी एक साधा प्रयोग सुचवावासा वाटतो. निवृत्तीस दोन-तीन वर्षे उरली असतील तर वर्षातून तीन महिने निवृत्तिवेतनाच्या अंदाजी रकमेतच घर चालवून पाहावे. वहीत चार खाने आखावेत : अन्न, औषध, घर व वीज, आणि देणेघेणे. उरलेला पगार बाजूला ठेवावा. कोणता खर्च आवरता येतो आणि कोणता येत नाही हे या तीन महिन्यांत स्पष्ट होते. एक नियम मात्र पाळावा : औषधाच्या खान्यातील पैसे दुसऱ्या कोणत्याही खान्यात वळवू नयेत.

हा हिशेब पती-पत्नींनी एकत्र बसून करावा आणि मोठ्या मुलांनाही दाखवावा. घरातील माणसांना आपला आजार व आपली मिळकत दोन्ही ठाऊक असली की गुपचूप गोळी सोडण्याची वेळ येत नाही. चहातील साखर कमी झाल्याने कोणाचा मान जात नाही. पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे घर मात्र थांबते. म्हणून कात्री साखरेवर, तेलावर आणि दिखाऊ आहेरावर चालवावी. गोळी, चष्मा आणि तपासणी यांना हात लावू नये.