बॅटरीवरील ड्रिल : छापील बळ आणि खरें बळ

द्राक्षाच्या मांडवाचे गंजलेले अँगल बदलणें, गोठ्यावर पत्रे चढविणें, ट्रॉलीच्या फळ्या नव्यानें बसविणें, ठिबकाच्या सबमेनला भोंकें पाडणें, अशीं कामें बागाइतदाराच्या मागें वर्षभर असतात. आणि जेथें तीं निघतात तेथें विजेचा खटका बहुधा नसतो. शेतीपंपाची वीज पाळीपाळीनें येते, व पुष्कळ ठिकाणीं ती रात्रीच्या पाळींत पडते. दिवसा असली तरी पंपाच्या पेटींतून काढलेली, जागोजाग टेप गुंडाळलेली वायर ओल्या सऱ्यांतून ओढीत नेऊन तिच्यावर यंत्र चालविणें म्हणजे जिवाशीं खेळ होय. बॅटरीवरील ड्रिल खेडोपाडीं इतक्या लवकर पसरलें याचें मुख्य कारण हेंच, असें आमचें मत आहे. बाजारांत मात्र त्याचे इतके प्रकार झाले आहेत, व प्रत्येकाच्या पेटीवर आंकड्यांची अशी गर्दी असते, कीं भारी कामास कोणतें घ्यावें हें चांगल्या जाणत्यासहि उमगत नाहीं. अमुक कंपनीचें घ्या असें सांगण्याचा आमचा विचार नाहीं. यंत्रांचीं नांवें वर्षां-दोन वर्षांनीं पालटतात. पारख करण्याची रीत तेवढी येथें देतों.

पूर्वीचे सुतार दोरीनें फिरविण्याच्या सामत्यावर व हातगिरमिटावर सारें काम भागवीत. विजेवर चालणारें हातांतलें ड्रिल जर्मनींतील स्टुटगार्ट शहरीं फाईन यांच्या कारखान्यांत १८९५ सालीं निघालें. पिस्तुलासारखी मूठ व बोटानें दाबावयाचा घोडा ही आज सर्वत्र दिसणारी ठेवण अमेरिकेंतील ब्लॅक अँड डेकर यांची. तिचें पेटंट १९१७ सालचें. त्यांनींच १९६१ सालीं बॅटरीवरील ड्रिल बाहेर आणिलें. चंद्रावर जाण्यासाठीं हें यंत्र शोधण्यांत आलें असें पुष्कळ जण सांगतात, तें खरें नव्हे. मनुष्य चंद्रावर उतरला तो १९६९ सालीं, म्हणजे त्यानंतर आठ वर्षांनीं. तथापि चंद्रावर बॅटरीचें ड्रिल गेलें ही गोष्ट खरी आहे, आणि तेथें तें अडलें ही गोष्ट आमच्या वाचकांनीं मुद्दाम लक्षांत घेण्याजोगी आहे. १९७१ सालीं ‘अपोलो १५’ च्या स्वारींत डेव्हिड स्कॉट यांनीं जमिनींतील उष्णता मोजण्याकरितां भोंकें पाडण्यास घेतलीं. तीं सुमारें तीन मीटर खोल जावयाचीं होतीं. दीड मीटरच्या थोडीं पुढें जाऊन तीं थांबलीं. मोटरींत दम नव्हता असें नाहीं. दांडीचे तुकडे जेथें एकमेकांस जोडलेले होते तेथें तिच्या अंगावरील पन्हळ नीट चालू राहिली नव्हती. सुटलेला भुगा वर चढेना, आणि दांडी भोंकांतच आवळली गेली. खोल मातीच्या नमुन्यासाठीं घातलेली नळी वर काढण्यास स्कॉट व आयर्विन या दोघांस खांदे लावावे लागले. पुढील वर्षीं ‘अपोलो १६’ करितां दांडीची घडण सुधारली, तेव्हां तेंच काम सुरळीत झालें.

ओल्या बाभळीच्या तुळईंत एक इंचाचें गिरमिट घालून ज्यानें घोडा दाबून धरला असेल त्यास ही हकीकत निराळी समजावून सांगावयास नको. भुसा पन्हळींत गच्च बसतो, गिरमिट तापतें, यंत्र गुरगुरून थांबतें, आणि दोष मोटरीस दिला जातो. दर दोन बोटें खोलीला गिरमिट फिरतें ठेवूनच बाहेर ओढावें, भुसा झाडावा, पुन्हां घालावें. असें करून पाहिल्याशिवाय कोणतेंहि यंत्र दुबळें ठरवूं नये.

आतां पेटीवरच्या आंकड्यांकडे वळूं. सर्वांत मोठ्या अक्षरांत असतात ते व्होल्ट. लिथियम बॅटरीचा एक सेल सरासरीनें ३.६ व्होल्टचा असतो. असे पांच एकापुढें एक जोडले म्हणजे १८ व्होल्ट झाले. पूर्ण भरलेला सेल ४.२ व्होल्ट दाखवितो, म्हणून त्याच पांच सेलांची बेरीज २१ होते. तेव्हां कोणी १८ लिहितो, कोणी २०, कोणी २१. आंतील माल तोच. कांहीं स्वस्त यंत्रांवर ४८ किंवा ८८ असले आंकडे छापलेले असतात आणि आंत मात्र पांचच सेल निघतात. या आंकड्यांचा व्होल्टांशीं कांहींएक संबंध नाहीं, व ते छापणाराची लबाडी यापलीकडे त्यांस अर्थहि नाहीं.

दुसरा आंकडा ॲम्पिअर-अवरचा. बॅटरींत पाणी किती सांठतें, तें हा सांगतो असें म्हटलें तरी चालेल. येथेंहि फसवणूक पुष्कळ होते, पण ती पकडण्यास तराजू पुरे आहे. नेहमींचा १८ मिलिमीटर जाडीचा व ६५ मिलिमीटर लांबीचा सेल ४५ ते ५० ग्रॅम भरतो, आणि त्या मापाचा चांगल्यांतला चांगला सेल सुमारें साडेतीन ॲम्पिअर-अवरच धरतो. सहा ॲम्पिअर-अवर हवे असतील तर असे दहा सेल, पांच-पांचांच्या दोन जोड्या करून, घालावे लागतात. म्हणजे नुसते सेलच अर्ध्या किलोच्या घरांत गेले. अलीकडील २१ मिलिमीटर जाडीचे मोठे सेल प्रत्येकीं ७० ग्रॅमच्या आसपास असतात व चार ते पांच ॲम्पिअर-अवर धरतात. हे हिशेब ध्यानांत ठेवून बॅटरी दुकानांतल्या काट्यावर ठेवावी. सहा छापलेली बॅटरी कवचासकट तीनशें ग्रॅमहि भरली नाहीं, तर छापील आंकडा खोटा आहे असें खुशाल समजावें. दुकानदार वजन करूं देण्यास कांकूं करील तर दुसरें दुकान गांठावें.

तिसरा आंकडा टॉर्कचा, म्हणजे पिळाच्या बळाचा, आणि जाणते ग्राहकहि याच्यापाशींच चुकतात. हें बळ न्यूटन-मीटरांत सांगतात. चांगल्या यंत्रांच्या कागदांत त्याचे दोन आंकडे दिलेले असतात: एक लांकडांत स्क्रू जातांना हळूहळू वाढत जाणाऱ्या पिळाचा, आणि दुसरा, बोल्टचें डोकें लोखंडावर टेकतांच एकाएकीं बसणाऱ्या झटक्याचा. दुसरा नेहमींच मोठा असतो, म्हणून पेटीवर तोच छापतात. दोन यंत्रांची तुलना करावयाची तर पहिल्याची पहिल्याशींच करावी. शिवाय हें बळ यंत्र अडून थांबण्याच्या बेतांत असतां क्षणभर मिळणारें आहे. पांचशें वॅटांची, म्हणजे सुमारें दोन-तृतीयांश अश्वशक्तीची मोटर, मिनिटास चारशें फेरे ठेवून चालली, तर सतत मिळणारें पिळाचें बळ बारा न्यूटन-मीटरच होतें. पेटीवरच्या शंभराकडे पाहून विहीर खणावयास निघणाऱ्यांनीं हा फरक पाहावा. पुन्हां, १८ व्होल्ट व ५ ॲम्पिअर-अवरच्या बॅटरींत सारी शक्ति ९० वॅट-अवर. पांचशें वॅटांनीं ती खेंचली तर अकरा मिनिटांत संपते. भारी कामास दोन बॅटऱ्या चैन म्हणून लागत नाहींत, गरज म्हणून लागतात.

कागद पाहून झाल्यावर यंत्र हातीं घ्यावें. शक्य तर ज्याच्याकडे तें आहे अशा शेजाऱ्याच्या वस्तीवर जाऊन आपल्याच लांकडावर व आपल्याच लोखंडावर पाहावें. दुकानांत पाइनच्या मऊ फळीवर सर्वच यंत्रें शूर असतात. आधीं चकांत सरळ बिट धरून रिकामें फिरवावें व टोंकाकडे डोळा लावावा. टोंक डोलत असेल तर चक किंवा आंस वांकडा आहे, व असें यंत्र लोखंडास निरुपयोगी. नंतर वाळलेल्या बाभळीच्या चार इंची तुकड्यांत एक इंचाचें गिरमिट हळू गिअरवर घालून एकामागून एक दहा भोंकें पाडावीं. पहिल्या भोंकावरून कांहींच ठरत नाहीं. सातव्या-आठव्याला यंत्राचा आवाज कसा लागतो, मोटरीपाशीं हात ठेववतो कीं नाहीं, करपल्याचा वास येतो काय, आणि आपणहून बंद पडलें तर थोड्या विश्रांतीनें पुन्हां उठतें काय, हें पाहावें. तापल्यावर स्वतः थांबणारें यंत्र वाईट नव्हे. न थांबतां जळणारें वाईट.

लोखंडाची परीक्षा निराळी. तेथें पिळाच्या बळापेक्षां फेऱ्यांचा मेळ महत्त्वाचा. साध्या लोखंडांत १० मिलिमीटरच्या चांगल्या बिटास मिनिटाला सुमारें ८०० फेरे मानवतात, ६ मिलिमीटरच्यास १,३०० च्या आसपास. बिट जितकें जाड तितके फेरे कमी, हें सूत्र गड्यांना पाठ करवावें. वेगाच्या गिअरवर घोडा पूर्ण दाबून जाड बिट अँगलवर टेकविलें कीं त्याचें टोंक निळें पडतें व धार जाते. मग दहा माणसांनीं रेटलें तरी तें कापीत नाहीं, नुसतें घासतें. आधीं चार-पांच मिलिमीटरच्या बिटानें वाट करून घ्यावी, तेलाचा थेंब सोडावा, आणि दोन्ही धारांकडून सारखा कुरळा कीस निघतो काय तें पाहावें. एकाच बाजूनें निघत असेल तर बिटाला धार वांकडी लावली आहे.

ठिबकाच्या सबमेनचें काम बळाच्या दृष्टीनें पोरखेळ आहे, पण त्यांत एक गोम आहे. पीव्हीसीचा कीस पाइपांत पडतो, तेथून लॅटरलमध्यें जातो आणि ड्रिपरच्या तोंडाशीं बसतो. भोंकें झाल्यावर सबमेनचें टोंक उघडून पाणी जोरानें सोडावें व कीस वाहून जाऊं द्यावा. मगच लॅटरल जोडाव्या. दोन दिवसांच्या घाईपायीं हंगामभर झाडें तहानलेलीं राहिलेलीं आम्हीं पाहिलीं आहेत.

आतां ज्या गोष्टीविषयीं दुकानांत कोणी बोलत नाहीं ती सांगतों. यंत्र जितक्या जोरानें बिट पिळतें, बिट अडल्यावर तितक्याच जोरानें तें धरणाराचा हात उलटा पिळतें. शंभर न्यूटन-मीटरांचें यंत्र अडलें, आणि मूठ आंसापासून २० सेंटिमीटरांवर आहे, तर त्या एका हातावर पन्नास किलोचा हिसका येतो. तोहि बेसावधपणीं, डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच. मनगट मुरगळण्यास किंवा हाड मोडण्यास इतकें पुरे. शिडीवर उभ्या असलेल्या माणसास तर मनगट वांचलें तरी पडणें चुकत नाहीं. पेटींत येणारी आडवी मूठ पुष्कळ जण काढून कोनाड्यांत टाकून देतात, ती चढवावी. दोन हातांमध्यें ४० सेंटिमीटर अंतर मिळालें कीं तोच हिसका दोहों हातांवर पंचवीस-पंचवीस किलोंत वांटला जातो, व तो सावध माणसास सांवरतां येतो. कांहीं यंत्रांत हात एकाएकीं फिरूं लागतांच मोटर तोडणारी योजना असते. भारी कामासाठीं घेणाराचे जास्तीचे पैसे कशावर जावेत असें कोणी आम्हांस विचारील तर आम्ही प्रथम या योजनेकडे बोट दाखवूं. सैल हातमोजे, लोंबतें उपरणें, उघड्या बाह्या यांस फिरत्या बिटाजवळ जागा नाहीं. जमिनींत खड्डे घेण्याचें गिरमिट ड्रिलला लावून मुरमाड रानांत चालविण्याची जी नवी हौस दिसते ती आम्हांस पसंत नाहीं. मध्येंच दगड लागला कीं वर सांगितलेला हिसका पुरा बसतो.

नुसते लांब स्क्रू व बोल्टच आवळावयाचे असतील, जसें पत्र्याच्या शेडवर, तर ड्रिलपेक्षां इम्पॅक्ट ड्रायव्हर बरा. तो ठोके देऊन पिळतो, म्हणून मनगटावर ताण थोडा. सिमेंटच्या खांबांविषयीं मात्र जपावें. ड्रिलमधील ठोका दांतेरी चकत्यांचा असतो व तो विटेस आणि गिलाव्यास ठीक. पक्क्या काँक्रीटमध्यें रोज भोंकें पाडावयाचीं तर रोटरी हॅमर घ्यावा. आणि आंत ताणलेल्या तारा असलेल्या तयार खांबांस भोंक पाडूंच नये. तार तुटली कीं खांब आंतून पोकळ झाल्यासारखा दुबळा होतो. तेथें पट्टीचा वेढा घालून काम भागवावें.

मोटर कार्बनची घ्यावी कीं ब्रशलेस, हा प्रश्न नेहमीं येतो. ब्रशलेस मोटर बॅटरी कमी खाते, कमी तापते व तिचे कार्बन झिजण्याचा प्रश्नच नसतो; पण तिचा इलेक्ट्रॉनिक पट्टा बिघडला तर तालुक्याच्या मिस्त्रीकडून तो बहुधा दुरुस्त होत नाहीं. कार्बनची मोटर पुष्कळदां गांवांतच उभी राहते. रोजच्या भारी कामास आम्ही ब्रशलेस पसंत करूं, मात्र तिची दुरुस्ती जिल्ह्याच्या गांवीं होते याची खात्री करूनच. वर्षाकाठीं पंधरा-वीस भोंकें पाडणाऱ्यास इतका खर्च करण्याचें कारण नाहीं.

बॅटरी हा यंत्राचा महाग भाग, व तोच प्रथम जातो. जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्या पूर्ण उतरवून मग भराव्या असें सांगत. लिथियमला तो नियम लावूं नये, ती अर्धी उतरली असतां भरली तरी चालते. तिचा शत्रु उष्णता. वैशाखांत पत्र्याच्या खोलींत किंवा ट्रॅक्टरच्या पेटींत ती ठेवूं नये, व कामावरून तापून आलेली लागलीच चार्जरवर चढवूं नये. ४५ अंशांवर भरणें बहुतेक लिथियम बॅटऱ्यांस वर्ज्य आहे. बरेच दिवस काम नसेल तर अर्धी भरून थंड जागीं ठेवावी. एकाच कंपनीच्या एका जातीच्या बॅटऱ्या फवारणी पंपास, छाटणीच्या कात्रीस व ड्रिलला चालतात काय हेंहि घेण्यापूर्वींच विचारावें, म्हणजे पुढें तीन चार्जर बाळगण्याची पाळी येत नाहीं.

जेथें तीन-चार बागाइतदारांनीं मिळून एक चांगलें यंत्र घेतलें आहे तेथें आमची सूचना अशी कीं, यंत्र व चार्जर सामाईक ठेवावा, पण बॅटरी ज्याची त्यानें आपली घ्यावी व तिच्यावर आपलें नांव घालावें. तंटे होतात ते बॅटरीवरूनच.