भरतीसाठी धावताय? मग मनगटावरचा हार्ट रेट नीट वाचायला शिका

चिखली, मेहकर, देऊळगाव राजा, मोताळा. बुलढाणा जिल्ह्यातल्या कुठल्याही रस्त्याने पहाटे निघा, भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी धावताना दिसतात. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावं लागतं. मुलांनी ५ मिनिटं १० सेकंदांत आणि मुलींनी २ मिनिटं ५० सेकंदांत अंतर कापलं की २० पैकी २० गुण. एकेका सेकंदासाठी जीव काढायचा असतो.

आता यातल्या बऱ्याच जणांच्या मनगटावर स्मार्टवॉच असतं. राऊंड संपला की त्यावर १८८ असा काहीतरी आकडा झळकतो, त्याचा स्क्रीनशॉट स्टेटसला जातो आणि विषय तिथेच संपतो. पण १८८ म्हणजे चांगलं की वाईट? आणि तो आकडा खरा तरी आहे का?

आधी खरेपणाचं बघू. घड्याळाच्या मागे हिरवा लाईट लुकलुकतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. प्रत्येक ठोक्याला मनगटातलं रक्त वाढतं, त्यामुळे परत येणारा प्रकाश कमी होतो. या चढउतारावरून घड्याळ ठोके मोजतं. म्हणजे ते हृदय ऐकत नाही, कातडीखालचं रक्त बघतं. छातीला बांधायचा पट्टा मात्र हृदयाचे विद्युत संकेत थेट पकडतो, ईसीजीसारखे. फिनलंडच्या पोलार कंपनीने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला खेळाडूंसाठी असे बिनवायरचे मॉनिटर बाजारात आणले. जोरात धावताना आजही पट्टाच जास्त भरवशाचा.

घड्याळ फसतं ते कसं? पट्टा सैल असेल तर. बुलढाण्याच्या थंडीत, डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे, हातातल्या रक्तवाहिन्या आकसतात तेव्हा. मनगटावर गडद गोंदण असेल तर, कारण शाईसुद्धा प्रकाश शोषते. सगळ्यात गमतीची चूक वेगळीच आहे. धावणाऱ्याची पावलं मिनिटाला १७० ते १८० पडतात आणि हाताच्या त्या हिसक्यांनाच घड्याळ ठोके समजून बसतं. आरामात धावताना एकदम १७५ दिसलं तर आधी पावलं मोजून बघा. अगदी स्वस्तातले काही बँड निर्जीव वस्तूला गुंडाळले तरी आकडा दाखवतात, तेव्हा पैसे देण्याआधी दुकानातच ही परीक्षा घ्यायला हरकत नाही. घड्याळ मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, घट्ट बांधा. बांगड्या असतील तर त्या खाली सरकवून.

आता आकड्याचा अर्थ. २२० वजा वय म्हणजे तुमचे कमाल ठोके, हे सूत्र जिममध्ये सगळ्यांना पाठ असतं. वय २० असेल तर २००. पण ही नुसती सरासरी आहे. एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांत १०-१२ ठोक्यांचा फरक सहज निघतो, कधी त्याहून जास्त. २००१ मध्ये आलेलं २०८ वजा वयाच्या ०.७ पट हे सूत्र त्याच मुलासाठी १९४ सांगतं. त्यामुळे १८८ पाहून घाबरू नका आणि फुशारकीही मारू नका. साधारण हिशोब असा: कमालच्या ५० ते ७० टक्के म्हणजे मध्यम व्यायाम, ७० ते ८५ टक्के म्हणजे जोरदार.

भरतीवाल्यांची मोठी चूक इथेच होते. रोज, प्रत्येक राऊंड, पूर्ण ताकदीने. लांब पल्ल्याचे अव्वल धावपटू मात्र आपला बहुतेक सराव, साधारण ८० टक्के, आरामाच्या वेगाने करतात. शेजारच्याशी बोलता येईल अशा. मॉनिटरचा खरा उपयोग वेग वाढवण्यापेक्षा स्वतःला आवरण्यासाठी जास्त आहे. विशीतल्या मुलाने हलक्या दिवशी १४०-१५० च्या आसपास थांबायला शिकावं. सुरुवातीला लाज वाटेल इतकं हळू धावावं लागेल. चढावर तर चालावंच लागेल, राजूर घाटात वेग नाही टिकवायचा, ठोके टिकवायचे.

दुसरा कामाचा आकडा सकाळचा. उठल्याबरोबर, अंथरुणातच. मोठ्या माणसांत ६० ते १००, सराव असलेल्यांत त्याहून कमी. तो नेहमीपेक्षा सात-आठने वाढलेला दिसला, तर झोप अपुरी आहे, ताप येतोय किंवा सराव अति झालाय. त्या दिवशी विश्रांती घ्या. उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट: विदर्भातल्या उन्हात, पाणी कमी पडलेलं असताना, त्याच वेगाला ठोके वाढत जातात. तिथे जुना वेग धरून बसणं धोक्याचं आहे.

शाळेच्या पी.टी.च्या तासालाही हे लागू पडतं. अमेरिकेतल्या नेपरव्हिल गावात १९९० च्या दशकात फिल लॉलर नावाच्या शिक्षकांनी मुलांना मॉनिटर बांधले. धावण्यात मागे पडणाऱ्या एका मुलीचे ठोके २०० च्या वर गेलेले निघाले. म्हणजे जिला आळशी समजलं असतं, ती जीव तोडून धावत होती. त्यानंतर तिथे गुण वेळेवर नाही, मेहनतीवर द्यायला सुरुवात झाली. यासाठी आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेला घड्याळं नकोत. अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर दोन बोटं ठेवायची, १५ सेकंद ठोके मोजायचे, चारने गुणायचं. सरांच्या शिट्टीवर पन्नास मुलं एकदम मोजू शकतात.

आता जे घड्याळ सांगू शकत नाही ते. २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये झारखंडच्या उत्पादन शुल्क शिपाई भरतीत १० किलोमीटरच्या धावण्याच्या चाचणीदरम्यान दहाहून अधिक उमेदवारांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी जूनमध्ये महाराष्ट्रातही पोलीस भरतीत धावताना कोसळलेल्या एका उमेदवाराचा जीव गेला. हृदयाचा जन्मजात दोष असेल तर ठोक्यांचा आकडा शेवटपर्यंत अगदी नॉर्मल दिसू शकतो. म्हणून धावताना छातीत दुखलं, चक्कर आली, एकदा जरी शुद्ध हरपली, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर घड्याळाकडे न बघता डॉक्टरांकडे जा आणि ईसीजी काढून घ्या. बीपीच्या काही गोळ्या, विशेषतः बीटा ब्लॉकर, ठोके मुद्दाम कमी ठेवतात. त्या घेणाऱ्या काका-काकूंनी २२० वजा वय हे सूत्र वापरूच नये, किती जोर लावायचा ते डॉक्टरांनाच विचारावं.